गुरुजींच्या पडद्यावरची अक्षरं

कोंडीराम गुरुजींनी ईट आणि आसपासच्या चार गावांत मिळून तीन हजार पोरांना वाचायला शिकवलं होतं. हा आकडा त्यांचा स्वतःचा. निवृत्तीच्या सत्कारात त्यांनी तो पहिल्यांदा सांगितला आणि पुढची तेरा वर्षं भेटेल त्याला ऐकवला. या तीन हजारांत त्यांची बायको मात्र नव्हती. सत्यभामा लग्न होऊन आली तेव्हा सतरा वर्षांची होती. हौसेनं पाटी घेऊन त्यांच्यासमोर बसली. गुरुजींनी दोन दिवस शिकवलं, तिसऱ्या दिवशी पाटी माळ्यावर फेकली आणि म्हणाले, "तुझ्या डोक्यात अंधार हाय. तू आपली भाकरी थाप." त्याला आता सत्तेचाळीस वर्षं झाली होती.

बैठकीच्या खोलीतला कॉम्प्युटर मुलाचा, उत्कर्षचा. तो पुण्याला नोकरीला गेला तेव्हा जुना म्हणून इथंच ठेवून गेला. गुरुजी हट्टानं त्यावर मराठी टायपिंग शिकले आणि गावातल्या लोकांचे अर्ज टाईप करून द्यायला लागले. माणूस अर्ज सांगत असला की ते त्याला मधेच तोडायचे, त्याच्या भाषेतल्या चुका काढायचे आणि आलेला माणूस मान खाली घालून ऐकून घ्यायचा. सत्यभामेला त्या कॉम्प्युटरला हात लावायची परवानगी नव्हती. वरचं कापड झटकायचं, टेबल पुसायचं, तेवढंच. बाईचा हात लागला की मशीन बिघडतं, असं गुरुजींचं ठाम मत होतं आणि त्यांच्या मतांवर घरात चर्चा होत नसे.

त्याच कॉम्प्युटरवर अर्पिताचे ईमेल यायचे. अर्पिता ही त्यांची धाकटी. सहा वर्षांपूर्वी तिनं बिरदेव नावाच्या दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न केलं आणि सांगलीला संसार थाटला. गुरुजींनी तिचे फोन बंद करून टाकले. उत्कर्षला दम भरला, की बहिणीचं नाव काढलंस तर तूही या घरात येऊ नकोस, आणि उत्कर्ष बापाला भिऊन गप्प बसला. सत्यभामेकडं स्वतःचा फोन कधीच नव्हता. मग अर्पिता ईमेल करायची आणि गुरुजी ते वाचून दाखवायचे. सत्यभामा दारात उभी राहून ऐकायची.

एका संध्याकाळी चहा ठेवताना तिनं भीत भीत विचारलं, "पोरीचं काय आलंय का?"

गुरुजी तेव्हा पडद्यावरची अक्षरं मोठी करायच्या खटपटीत होते. डोळ्यांना हल्ली बारीक दिसत नव्हतं. माऊसचं चाक गरागरा फिरवत, वर न बघताच ते म्हणाले, "आलंय. म्हनती, आईला सांगा मी मेले म्हनून समज. मला भेटायची आस धरू नको."

सत्यभामेनं कप ठेवला आणि चुलीपुढं जाऊन बसली. पोटच्या पोरीनं असं लिहावं, इतकं आपण तिचं काय वाईट केलं, हे तिला सहा वर्षांत कळलं नव्हतं. पोरीला एकदा डोळ्यांनी बघायचं, बाकी तिला आता या जन्मात काही नको होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आतून हाक आली. रोजची खेकसल्यासारखी हाक नव्हती ती. ती हात पुसत गेली तर गुरुजी खुर्चीच्या टोकाला बसले होते. पडद्याच्या वरच्या ओळीवर बोट ठेवून ते पहिलीतल्या पोरासारखे एकेक अक्षर वाचत होते.

"थ्पसम. म्कपज. ट्पमू."

"काय म्हनताव?"

"काय न्हाय." त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला. "हितं बघ. ह्या वरच्या ओळीत. हे रोज असंच असतंय का?"

सत्यभामेला वाचता येत नव्हतं, पण डोळे होते. दहा वर्षं ती त्या पडद्यासमोर झाडत, पुसत, उभी राहत आली होती. वरच्या ओळीतली अक्षरं सुटी सुटी असायची, त्यांच्या डोक्यावर रेघ नसायची, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आज त्यांच्यावर रेघ होती, गुरुजींच्या वर्तमानपत्रातल्या अक्षरांवर असते तशी. ओळ बदलली होती, हे तिला एका नजरेत दिसलं.

गुरुजी तिच्याकडं बघत होते. त्यांच्या कपाळावर घाम होता. दिवाळीत त्यांना मेंदूचा झटका आला होता. बार्शीच्या दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, अक्षरं दिसतायत पण अर्थ लागत नाही असं कधी झालं, तर लगेच घेऊन या. पिशव्या धरून उभ्या असलेल्या सत्यभामेनंही ते ऐकलं होतं. गुरुजी कशाला भ्यालेत ते तिला कळलं, आणि आदल्या संध्याकाळचं वाक्यही तिच्या कानात तसंच होतं. मी मेले म्हणून समज.

"असंच असतंय की," ती म्हणाली.

"नीट बघ."

"बघितलं की. रोज हाय तसंच हाय. का वो, काय झालं?"

सत्यभामा स्वयंपाकघरात आली आणि पिठात हात घातला तेव्हा तिला जाणवलं की आपल्याला बरं वाटतंय. तिनं स्वतःला रागावून पाहिलं, पण बरं वाटणं काही जाईना.

दिवसभर गुरुजींनी त्या मशीनशी झटापट केली. पडद्याचं बटन बंद करून चालू केलं. त्याच्या मागच्या वायरी काढून फुंकर मारून पुन्हा लावल्या. पडदा ओल्या फडक्यानं पुसला. डोळ्यांत थेंब घालून पंधरा मिनिटं पडून राहिले आणि उठून पुन्हा पाहिलं. वर तेच, थ्पसम, म्कपज. त्यावर दाबलं की खाली यादी उघडायची, तीही तसलीच. जुना अर्ज उघडला तर त्यातला मजकूर मात्र वाचता येत होता. वर्तमानपत्र वाचता येत होतं. पंचांग, औषधाची बाटली, भिंतीवरचा सत्काराचा फलक, सगळं त्यांनी मोठ्यानं वाचून बघितलं. नेमकं रोजच्या सवयीचं तेवढंच डोक्यातून गेलं होतं, असा त्यांनी अर्थ लावला आणि तो त्यांना फार भयंकर वाटला.

उत्कर्षला फोन केला असता तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता. गुरुजींनी दोनदा फोन हातात घेतला आणि दोनदा खाली ठेवला. पडद्याचा फोटो काढून पाठवावा आणि पोरानं म्हणावं, बाबा, यात तर सगळं बरोबर आहे, तर मग काय? चारचौघांत कुणी वाचताना अडखळलं की ज्यांनी आयुष्यभर त्याला डोक्यात अंधार आहे म्हणून हिणवलं, त्यांना स्वतःच्या डोक्याचा दाखला मागायची सोय राहिली नव्हती. घरात एकच माणूस होतं ज्याच्यापुढं लाज वाटायचं कारण नव्हतं, कारण त्याला ते माणूस धरतच नव्हते. म्हणून ते पुन्हा पुन्हा सत्यभामेलाच विचारत राहिले.

"ए, आता बघ. आता तरी बदललंय का?"

"न्हाय वो. हाय तसंच हाय."

दुपारी त्यांनी चहा मागितला. सत्यभामेनं आधण ठेवायला भांडं उचललं, जरा थांबली, आणि भांडं परत ठेवलं.

"आत्ताच तर पेलाव की," ती दारातून म्हणाली.

"कवा?"

"हे बगा. कप इसळून बी ठिवला."

गुरुजींनी पालथ्या कपाकडं पाहिलं. कपाच्या कडेला पाणी होतं, ते तिनं सकाळीच धुतलेल्या भांड्यांचं. ते बराच वेळ त्या पाण्याकडं बघत बसले, मग ओठांवरून जीभ फिरवली, जणू चहाची चव सापडते का ते बघत होते. सत्यभामेनं तोंडाला पदर लावला. इतक्या वर्षांत या माणसानं आपल्या शब्दावर विश्वास ठेवलेला तिनं पहिल्यांदा पाहिला, आणि तोही खोट्या शब्दावर.

रात्रीचं जेवण गुरुजींनी अर्धवट टाकलं. "सकाळी धनाजीला बोलाव," ते म्हणाले. "बार्शीला जाऊन येतो. बीपी बघायचंय."

धनाजी म्हणजे त्यांचा पुतण्या. सकाळी आठच्या गाडीनं तो त्यांना घेऊन गेला. निघताना गुरुजींनी कॉम्प्युटर बंद केला नाही. कुठलं बटन कशाचं ते वाचता येत नव्हतं, भलतंच दाबून टाईप केलेलं पुसलं जाईल म्हणून ते पडद्यावर नुसतं कापड टाकून गेले.

गाडी फाट्यावरून वळली तशी सत्यभामा शेजारी गेली. शेजारची सून हर्षाली लग्नाआधी जवळच्या वाशीला कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवायची. आता तिशी ओलांडली होती, दोन लेकरं होती. गुरुजींनी तिलाही एकदा सुनावलं होतं, की क्लासात शिकवणं म्हणजे शिकवणं नव्हे.

हर्षालीनं कापड काढलं, वरची ओळ पाहिली आणि हसली. "काकू, काही बिघडलं न्हाय. मराठी टायपिंगचा जो फॉन्ट हाय ना, तो मेनूला लागलाय. गुरुजींनी अक्षरं मोठी करायला उघडलं असंल, तिथं माऊसचं चाक फिरलं की फॉन्टची यादीच सरकती. इंग्रजी अक्षरं मराठी फॉन्टात गेली की असला काला होतो. पाच मिन्टाचं काम हाय. करू का?"

"म्हंजे त्यांचं डोकं ठीक हाय?"

"डोक्याचा काय संबंध?"

सत्यभामेनं तिचा माऊसवरचा हात धरला. "थांब," ती म्हणाली. "आधी मला एक वाचून दाव. आमच्या अर्पिताचं लिवलेलं ह्यात येतंय. ते सापडंल का?"

मेनू वाचता येत नसले तरी कुठं काय असतं ते हर्षालीच्या बोटांना माहीत होतं. तिनं ईमेल उघडले. ते स्वच्छ मराठीत होते. अर्पिताचे अकरा होते. हर्षाली पहिल्यापासून वाचायला लागली आणि तिसऱ्या ओळीला तिचा आवाज खाली आला.

"बाबा, तुम्ही माझ्याशी बोलू नका, पण आईला एकदा फोन द्या. तिचा आवाज ऐकू द्या." हा पहिला. "बाबा, मला दिवस गेलेत. पहिली वेळ आहे, भीती वाटते. आईला आठ दिवस पाठवा, बिरदेव न्यायला येईल, तुमच्या दारात पाऊल ठेवणार नाही." हा चौथा. "मुलगी झाली. आईला सांगा, तिच्यासारखीच हनुवटी आहे." सातवा. परवा आलेला शेवटचा, दोनच ओळींचा. "आईला सांगा, समृद्धी आता साडेतीन वर्षांची झाली. आजी कुठं आहे विचारते, मी काय सांगू?"

"मी मेले म्हनून समज, असं कुठं हाय?" सत्यभामेनं विचारलं.

"असं कुठंच न्हाय, काकू."

"परत बघ."

हर्षालीनं परत पाहिलं. मग पाठवलेल्यांत पाहिलं आणि हात मागं घेतला. सत्यभामेनं तिला वाचायला लावलं. गुरुजींनी चार उत्तरं दिली होती, चारही सत्यभामेच्या नावानं. "मी तुझी आई बोलते आहे, यांच्याकडून लिहून घेते आहे. तू आम्हाला मेलीस. बाळंतपणाला मी येणार नाही. पुन्हा लिहून मला त्रास देऊ नकोस." भाषा शुद्ध होती, एकही चूक नव्हती.

सत्यभामा रडली नाही. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आत सगळं कोरडंठाक झालं होतं. पोरगी पहिलटकरीण एकटी पडली होती, आणि त्या दिवसांत ही इथं पोरीला शिव्या घालत देवापुढं बसायची. हे त्या माणसानं दारात उभं करून, तोंडाकडं बघत, निवांतपणे केलं होतं. याला माफी नाही, असं तिनं मनाशी ठरवलं, आणि ठरवल्यावर तिला एकदम हलकं वाटलं.

ईमेलखाली अर्पिताचा नंबर होता. हर्षालीनं तो आपल्या फोनवरून लावला आणि फोन तिच्या कानाला दिला.

"पोरी, म्या बोलते."

मग अर्पिता म्हणाली, "आता कशाला गं? तूच लिहून घेतलं होतंस ना?"

"मला लिवाया-वाचाया येतंय का? वाचून कोन दावीत व्हतं मला?"

पलीकडून हुंदका आला. सत्यभामेनं तिला रडू दिलं. मग म्हणाली, "उद्या ये. जावायाला घेऊन ये, पोरीला घेऊन ये."

"बाबा घरात घेतील?"

"घेत्याल. ते म्या बघते."

फोन ठेवून ती हर्षालीकडं वळली. "आता कर नीट. अक्षी पयलं व्हतं तसं कर."

हर्षालीनं चार-पाच ठिकाणी दाबलं. वरच्या ओळीवरची रेघ गेली आणि सुटी सुटी अक्षरं परत आली. "गुरुजी आले की सांगते त्यांना, काय झालं व्हतं ते," ती म्हणाली.

"काय झालंच नव्हतं," सत्यभामा म्हणाली.

हर्षालीच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. "काकू, झटका आलेला मानूस हाय. हे बरं न्हाय."

"व्हय. बरं न्हाय."

हर्षालीनं तिच्याकडं पाहिलं, मग पडद्यावर उघड्या असलेल्या त्या शुद्ध भाषेतल्या उत्तराकडं पाहिलं. ते बंद केलं, कापड होतं तसं टाकलं आणि घरी निघून गेली.

चार वाजता गुरुजी आले ते ताठ मानेनं. उंबऱ्यातूनच बोलायला लागले. "डॉक्टरनं पाच पानं वाचून घेतली. एक अडखळ न्हाय. म्हनले, गुरुजी, मेंदू ठणठणीत हाय. मशीनच बिघडलंय, म्या म्हनतच व्हतो. आनि तू गं? तुला काय इचारायचं, तुला म्हशीत आनि पडद्यात फरक कळत न्हाय. चूक माझीच, तुला इचारलं."

सत्यभामेनं त्यांना पाणी दिलं.

"धनाजी, हिकडं ये," त्यांनी खुर्ची ओढली. "तू बारावी झालायस ना? वाच बरं वरची ओळ. मोठ्यानं वाच, हिला ऐकू दे."

आणि त्यांनी पडद्यावरचं कापड ओढलं.

धनाजी वाकला. "फाईल. एडिट. व्ह्यू." त्यानं काकाकडं पाहिलं. "बराबर हाय की, नाना. काय बिघडलंय?"

गुरुजींनी पडद्याला नाक लावलं. बोट ठेवून वाचलं, एकदा, दोनदा. यादी उघडून बघितली. ओपन, सेव्ह, प्रिंट. सगळं जागच्या जागी होतं. "कवा नीट झालं हे?" त्यांनी विचारलं. "कोन आलं व्हतं का?"

"कोन न्हाय आलं," सत्यभामा म्हणाली. "नीटच व्हतं की. काल दिसभर तुमास्नी तेच सांगत व्हते."

धनाजीला काय करावं कळेना. डॉक्टरांनी खरं तर एक स्कॅन करून घ्या असंही सांगितलं होतं, ते त्यानं आता हळू आवाजात सांगितलं. मग गाईला पाणी पाजायचंय म्हणाला आणि गेला. दारातून बाहेर पडताना त्यानं काकूकडं बघून नुसती मान हलवली. रात्रीपर्यंत गावात ही बातमी पसरणार हे गुरुजींनाही कळत होतं.

गुरुजी खुर्चीत खचून बसले. उतारवयातला एवढा मोठा माणूस बघता बघता लहान दिसायला लागला. सत्यभामेला कीव आली. खरंच आली, ती काही दगड नव्हती. पण सांगलीतल्या त्या बाळंतपणापुढं ही कीव टिकली नाही, आणि ती भिंतीला टेकून, स्पष्ट आवाजात म्हणाली,

"उद्या दुपारी अर्पिता येतीय. जावई बी येनार, पोरगी बी."

गुरुजींनी झटकन मान वर केली. जुना आवाज क्षणभर परत आला. "कुनी बोलावलं तिला? माझ्या घरात?"

"तुमीच की. परवा रात्री म्हनलाव, लई झालं आता, पोरीला बोलवून घे. म्हनून निरोप धाडला. तुमच्या ध्यानात न्हाय का?"

ते तिच्या तोंडाकडं बघत राहिले. खोटं पकडायची त्यांना चाळीस वर्षांची सवय होती. पोराच्या पापणीवरून त्यांना खोटं कळायचं. सत्यभामेनं पापणी हलवली नाही. त्यांनी पडद्याकडं पाहिलं, तिथं सगळं बरोबर होतं. पुन्हा तिच्याकडं पाहिलं.

"म्हनलो असंन," ते म्हणाले.

मग त्यांनी चाचपडत तिचा हात धरला. त्यांचा तळवा गार पडला होता. "आनखी काय काय म्हनलो गं म्या?"

सत्यभामेनं स्टूल ओढलं, कॉम्प्युटरसमोर त्यांच्या शेजारी बसली आणि सांगायला लागली.